औषधं देणारा माणूस आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता मेडिकलवाल्यावरपण बोलायचं का?" हो, त्याच्यावरच बोलायचंय.

आरोग्याच्या प्रश्नावर आपली चळवळ चाळीसेक वर्षं बोलते आहे. डॉक्टरांवर बोललो, सरकारच्या कुटुंबनियोजनावर बोललो, औषध कंपन्यांवर बोललो. औषधाच्या दुकानाशी मात्र आपला संबंध आला तो बहुतेक वेळा भांडणाचाच. ईपी फोर्टचं प्रकरण इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. पाळी चुकली की दिवस गेलेत का हे पाहण्यासाठी म्हणून जास्त मात्रेच्या हार्मोन्सची ही औषधं बायकांना सर्रास दिली जायची. दुकानात चिठ्ठीशिवायही मिळायची. दिवस गेलेलेच असले तर पोटातल्या गर्भाला धोका, ही गोष्ट बाईला कुणी सांगत नसे. १९८२ साली बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, स्त्री-संघटना आणि आरोग्याचं काम करणारे गट मागे लागले, जाहीर सुनावण्या झाल्या, तेव्हा कुठे १९८८ साली बंदी आली. त्या लढाईत दुकानदार काउंटरच्या पलीकडे होता आणि आपण अलीकडे. आज मी तुम्हाला असं सांगायला उभी आहे की दीर्घ आजारांच्या बाबतीत या माणसाला आपल्या बाजूला ओढल्याशिवाय आपलं चालणार नाही.

दीर्घ आजार म्हणजे मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, संधिवात, दमा, फीट, एचआयव्ही. यातले बहुतेक आजार बरे होत नाहीत, सांभाळावे लागतात. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतात, सरकारी दवाखान्यात तर मोजून पाच मिनिटं. उरलेले नव्वद दिवस बाई आणि तिच्या गोळ्या. या नव्वद दिवसांत जो आरोग्याचा जाणकार माणूस तिच्या वाटेवर नक्की येतो, तो म्हणजे औषधं देणारा. दर महिन्याला. हातात पैसे नसले आणि पाच-पाच गोळ्या न्याव्या लागत असल्या तर दर आठवड्याला.

मी समाजकार्यात एम.ए. केलं. आम्हाला वर्गात 'टीम'वर एक अख्खा पेपर होता. डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ती, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, असं वर्तुळ काढून मध्ये रुग्ण लिहायचा. फार्मासिस्ट त्या वर्तुळात नव्हता. जगात इतरत्र हा विचार मात्र बराच पुढे गेला आहे. अमेरिकेत १९९० साली हेप्लर आणि स्ट्रँड या दोघांनी लिहून ठेवलं की फार्मासिस्टचं काम गोळी हातात देऊन संपत नाही, त्या गोळीचा परिणाम काय झाला याचीही जबाबदारी त्याच्यावर आहे. आपल्याकडेही कायदा काही कमी बोलत नाही. १९४८ चा फार्मसी कायदा म्हणतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं. २०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने नियमावली आणली. औषध कशासाठी आहे, किती घ्यायचं, कसं घ्यायचं, किती दिवस, काय त्रास होऊ शकतो, एखादी गोळी चुकली तर काय करायचं, घरात कसं ठेवायचं, हे रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. अंगावर कोट आणि त्यावर नाव नि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा, हेही आहे. तुमच्या गावात असा बिल्ला तुम्ही पाहिलाय का? (श्रोत्यांतून : "कोट नाही नि बिल्लापण नाही!") बघा. आपल्याला दिसतं ते भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं सर्टिफिकेट. ते ज्याचं आहे तो माणूस कधीकधी दुसऱ्याच गावी नोकरीला असतो आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा असतो. हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. त्यावर कुणी हसतं, कुणी उसासा टाकतं, आणि पुढे चालतं.

हे समजावून सांगणं म्हणजे काही चैन नाही. मला एक बाई आठवतात. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या. आमवाती संधिवात झाला, बोटांचे सांधे सुजले, वाकडे व्हायला लागले. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटीनं अधिक होतो, आणि खुरपं धरणाऱ्या हातालाच होतो म्हणून जास्त छळतो. डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी दिली. चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, जगभर वापरतात. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर इंग्रजीत तसं लिहिलेलंही होतं. गोळ्या आणायला गेला मुलगा. दुकानात गर्दी होती, पट्टी पिशवीत टाकून दिली. घरी त्यांच्या बीपीच्या गोळ्या रोज सकाळी एक अशाच चालू होत्या, त्यांच्याबरोबर ही पण रोज सुरू झाली. दहा-बारा दिवसांत तोंड आलं, पाणी गिळता येईना. घरच्यांना वाटलं उष्णता झाली. सब्जा दिला, गुलकंद दिला. ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेलेल्या. वाचल्या, पण घरात दोन महिन्यांची मजुरी बुडाली आणि वर कर्ज झालं.

मेथोट्रेक्झेट रोज घेतली जाण्याची चूक इतकी नेहमीची आहे की जगभरच्या औषध-सुरक्षेच्या पुस्तकांत ती वारंवार सापडते. ती टाळायला किती खर्च येतो? बॉलपेनने पाकिटावर तीन शब्द : 'फक्त दर सोमवारी'. ते लिहिण्याची शेवटची संधी ज्याच्याकडे होती, तो काउंटरवरचा माणूस. डॉक्टर बरोबर होते, औषध बरोबर होतं, मुलाने आईची काळजीच घेतली होती. मधली कडी निसटली.

इथे एक गोष्ट आपण बायकांनी नीट पाहिली पाहिजे. ज्या बाईचं औषध होतं, ती काउंटरवर नव्हतीच. पुरुषाचं औषध पुरुष स्वतः आणतो, निदान चौकात जाता-येता विचारतो तरी. बाईचं औषध नवरा आणतो, मुलगा आणतो, शेजारचा पोरगा आणतो. आता तर चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून पाठवला की पिशवी घरपोच येते, म्हणजे एरवी दोन शब्द झाले असते तेही गेले. त्यामुळे 'फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगावं' या वाक्यातला रुग्ण जर बाई असेल, तर ते वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नाही. मुलाला सांगितलेलं मुलगा विसरतो. सुनेला सांगितलेलं सासूला ऐकायचं नसतं. आणि पाळी, गर्भ, अंगावरून जाणं, असलं काही विचारायचं असेल तर नवऱ्याच्या तोंडून ते विचारलंच जात नाही.

थायरॉईडची गोळी घ्या. ती उपाशीपोटी घ्यायची, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. डॉक्टर म्हणतात, सकाळी उठल्यावर. कुठल्या सकाळी? वस्तीत पाणी पाचला येतं. उठली की नळ, मग सासऱ्यांचा चहा, मग डबे. त्या चहाचा घोट हीच तिची विश्रांती. ती तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदम गिळून टाकते, कारण पुन्हा आठवण राहणार नाही हे तिला माहीत असतं. गोळी पोटात जाते पण अंगी लागत नाही. रिपोर्ट बिघडलेला येतो, डॉक्टर मात्रा वाढवतात. आमच्या तालुक्यातल्या एका फार्मासिस्ट बाईंनी एकीला विचारलं, "ताई, गोळी नेमकी कशाबरोबर घेता?" एवढाच प्रश्न. उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, रात्री झोपताना घेतली तरी चालते, पण जेवणानंतर तीन तास गेले पाहिजेत. ते जमेना, कारण ही सगळ्यांची जेवणं उरकून साडेदहाला जेवते नि अकराला आडवी होते. मग आमची वस्तीतली कार्यकर्ती म्हणाली, पाणी भरायला पाचला उठतेसच ना, डबी नळाजवळच्या कोनाड्यात ठेव, हंडा लावला की गोळी. हंडे भरून होईतो पाऊण तास जातोच. लोह-कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. आणि डॉक्टरांना हे चिठ्ठीवर लिहून कळवलं, म्हणजे पुढच्या वेळी मात्रा बघताना त्यांच्या ध्यानात राहील.

टीम म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. मोठं इस्पितळ नको, गोल टेबल नको. औषधाचं ज्ञान फार्मासिस्टकडे होतं, त्या बाईचा दिवस कसा उजाडतो नि मावळतो याचं ज्ञान आपल्याकडे होतं, निर्णयाचा अधिकार डॉक्टरांचा. यातलं एक जरी नसतं तरी गोळी चहाबरोबरच गेली असती.

पैशाचंही असंच. घरात नवऱ्याची बीपीची गोळी पूर्ण महिन्याची येते आणि बायकोची 'आज पाचच द्या'. नवऱ्याची संपली तर त्याच दिवशी, तिची संपली तर पगार झाल्यावर. मधले आठ दिवस ती काही घेत नाही आणि डॉक्टरांना सांगत नाही, कारण ओरडा बसतो. हे खंड पडणं कुणाच्या डोळ्यांसमोर होतं? फक्त दुकानदाराच्या. त्याच्या बिलात ते दिसतं. त्याने आपणहून म्हणायला हवं, "काकू, हीच गोळी दुसऱ्या कंपनीची कमी किमतीत आहे, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या," किंवा "पलीकडे जनऔषधी केंद्र आहे." तो का म्हणत नाही? कारण तो दुकानदार आहे. सरकारच्या २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे. वीस रुपयांच्या पट्टीवर जो नफा, त्यापेक्षा दोनशेच्या पट्टीवर दसपट. समजावून सांगण्याचे त्याला कुणी दमडी देत नाही. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्या कामाची जबाबदारी कायद्याने टाकली आणि मोबदला कुणीच ठरवला नाही, ते काम फक्त भल्या माणसांच्या भलेपणावर चालणार. घरकामाचं तेच झालं, आशाताईंच्या मानधनाचंही तेच चाललंय. आपल्याला हे गणित नवं नाही.

आणि ही 'ती' पण आहे बरं का. मी मघापासून फार्मासिस्टला 'तो' म्हणतेय. डी.फार्म., बी.फार्म. करणाऱ्या मुली आता भरपूर आहेत. कॉलेजात जाऊन पाहा, अर्ध्या बाकांवर मुली. पण स्वतःच्या नावाचं दुकान किती जणींचं? नोंदणी हिची, दुकान सासऱ्यांचं, गल्ल्यावर नवरा, हिचं सर्टिफिकेट भिंतीवर नि ही स्वयंपाकघरात. दुसरीकडे दुकानात बारा-बारा तास उभ्या राहून तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या मुली आहेत. गिऱ्हाईक त्यांना विचारतं, "मालक नाहीत का?" या मुलींना आपण कधी आपल्या बैठकीला बोलावलं आहे का? नर्सेसच्या प्रश्नावर, अंगणवाडीताईंच्या प्रश्नावर आपण मोर्चे काढले. ही बाई राहून गेली.

आता काउंटरवरच्या गुप्ततेचं बोलते, कारण मला सगळ्यात काळजी त्याची वाटते. 'टीम' म्हटलं की माहिती चार जणांकडे जाते. चार जणांकडे गेलेली माहिती बाईच्या सासरी पोचायला वेळ लागत नाही. फीट येणारी एक मुलगी लग्नानंतर आपल्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवायची. १९९९ सालापर्यंत वारंवार फीट येणं ही विवाह कायद्यात लग्न रद्द करण्याच्या कारणांत बसणारी गोष्ट होती. त्या साली दुरुस्ती होऊन ती काढली गेली. कायद्यातून गेली, गावातून गेली नाही. तिच्या सासऱ्यांची नि गावातल्या दुकानदाराची रोजची उठबस. दुकानदार सहज बोलून गेला, "सूनबाईंच्या मेंदूच्या गोळ्या आल्यात, घेऊन जा." झालं. त्याच्या लेखी ती मदत होती. मुलीला माहेरी पाठवली.

आणि गंमत बघा, त्या मुलीला सोडियम व्हॅलप्रोएट हे औषध चालू होतं. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला ते देताना फार विचार करावा लागतो. गर्भारपणी ते चालू राहिलं तर दहांतल्या एका बाळात जन्मतःच व्यंग असू शकतं, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येऊ शकतात. पण घाबरून एकदम बंद केलं तर फीटचे झटके वाढून आईच्याच जिवावर बेततं. म्हणजे मूल होऊ द्यायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं असतं. जे तिला एकटीला, हळू आवाजात सांगायला हवं होतं ते सांगितलं गेलं नाही, आणि जे सांगायचंच नव्हतं ते सासऱ्यांना सांगितलं गेलं.

म्हणून फार्मासिस्टला टीममध्ये घ्या असं म्हणताना माझी पहिली अट ही आहे : माहिती बाईची, आणि तिच्या परवानगीशिवाय ती घरातल्या कुणालाही मिळणार नाही. नवऱ्यालाही नाही. यावर काही जणी म्हणतील की आपल्या घरांत हे कसं शक्य आहे. शक्य आहे, आणि ते आपल्याच राज्यात झालेलं आहे.

एचआयव्हीची मोफत औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे.जे. होतं. या एआरटी केंद्रांची रचनाच टीमची आहे. डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नोंदी ठेवणारा माणूस आणि फार्मासिस्ट. औषधं एका ठिकाणी, बोलणं दार बंद करून. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, त्या मोजायच्या. शंभरातल्या पंच्याण्णव तरी गोळ्या वेळेवर पोटात गेल्या पाहिजेत, हा त्यामागचा हिशोब. चार-पाच जास्त उरल्या तर का उरल्या ते विचारायचं आणि समुपदेशकाकडे पाठवायचं. त्या रांगेत नवरा गेलेल्या कितीतरी तरुण बायका असायच्या, सासरने हाकललेल्या. त्यांचं नाव कुणाला कळता कामा नये हे शिपायापासून सगळ्यांना शिकवावं लागलं, आणि ते बऱ्याच अंशी जमलं. जिथे जमलं नाही तिथे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना भांडल्या.

त्यातही एक खोच आहे. गोळ्या मोजणं ही काळजी असू शकते आणि झडतीही असू शकते. मी दोन्ही पाहिलंय. एक जण विचारतो, "सहा उरल्या? का नाही घेतल्या? तुम्हाला जगायचंय की नाही?" पुढच्या महिन्यात ती बाई उरलेल्या गोळ्या वाटेतल्या गटारात टाकून येते, हिशोब जुळतो. दुसरा विचारतो, "या महिन्यात कुठले दिवस जड गेले?" मग कळतं की भावजयीच्या बाळंतपणाला गेली होती, एका खोलीत सहा माणसं, गोळी काढायला आडोसा नव्हता. त्यावर उपाय काढता येतो. फार्मसीच्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्र भरपूर आहे, हा दुसरा प्रश्न कसा विचारायचा ते फारसं नाही. ते आपण शिकवू शकतो. अत्याचाराच्या केसमध्ये पोलिसांनी बाईशी कसं बोलावं याची शिबिरं आपण घेतो, तशी यांची का घेऊ नयेत?

रक्तदाबासाठीही एक काम झालं ते सांगते. २०१७-१८ पासून रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम काही राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे पहिले जिल्हे. त्यात मोठी यंत्रं नाहीत. ठरावीक दोन-तीन औषधं, ती कायम शिल्लक राहतील अशी व्यवस्था, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, त्याही जवळच्या उपकेंद्रावर, आणि परिचारिका, फार्मासिस्ट, आशा यांनी कामं वाटून घ्यायची. यातलं 'जवळच्या उपकेंद्रावर' हे बायकांसाठी सगळ्यात मोलाचं. तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते, वर 'कुठे निघालीस' हा प्रश्न. उपकेंद्र पाण्याच्या वाटेवर असतं. पण गोळ्या संपलेल्या असल्या की हे सगळं कागदावर राहतं, आणि ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा रिकामी असली की साठ्याकडे बघायला कुणी नसतं. आपल्या तालुक्यात ती जागा भरलेली आहे का, एवढं तरी आपण प्रत्येकीने विचारून यावं.

परदेशातला एकच दाखला देते, मला तो फार आवडला म्हणून. लॉस एंजेलिसमध्ये काळ्या पुरुषांमध्ये रक्तदाब फार, आणि दवाखान्यावर त्यांचा विश्वास नाही. मग फार्मासिस्टच केस कापायच्या दुकानांत जाऊन बसले. तिथेच बीपी मोजायचं, त्यांच्या डॉक्टरांशी ठरवून घेतलेल्या पद्धतीने औषध द्यायचं, बदलायचं. ५२ दुकानं, ३१९ पुरुष. २०१८ साली निष्कर्ष छापून आले : सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ अंकांनी उतरलं. ज्यांना न्हाव्याने नुसताच सल्ला देऊन डॉक्टरकडे पाठवलं होतं त्यांचं ९ अंकांनी. हे वाचून माझ्या मनात आलं की आपल्या बायकांचं केशकर्तनालय कुठलं? जिथे ती नवऱ्याला न विचारता जाते, बसते, बोलते? बचत गटाची बैठक. भिशी. भजनी मंडळ.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. तीन महिन्यांतून एकदा गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या आपल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन यायचं. चालू, बंद, उरलेली, शेजारणीने दिलेली, पावडरची पुडी, सगळी. मघा सांगितलेल्या फार्मासिस्ट बाई येतात, एका कोपऱ्यात बसतात, एकेकीला बोलावतात. बाकीच्यांचा हिशोब तोवर चालू असतो म्हणजे कान तिकडे नसतात. पिशव्यांतून जे निघतं ते पाहून मी थक्क होते. दोन डॉक्टरांनी दिलेली, दोन नावांची, पण आत एकच वेदनाशामक, आणि बाई बीपीची रुग्ण. हे औषध बीपी वाढवतं, मूत्रपिंडावर ताण आणतं. सांधेदुखीची 'रामबाण' पुडी, जिच्यात स्टिरॉईड असावं असा संशय येतो कारण चेहरा गोल सुजलेला. तीही एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, असं बाई सांगतात. टीबीचा उपचार चालू असलेली एक मुलगी माला-डी घेत होती. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने त्या गोळीचा असर कमी होतो, तोवर दुसरं साधन वापरायला हवं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. टीबीवाल्यांना पाळणा लांबवायची गोळी माहीत नव्हती, गोळी देणारीला टीबी माहीत नव्हता. आणि बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे तर जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई आपल्या मनाने औषध बदलत नाहीत. त्यांना तो अधिकार नाही आणि त्यांना तो नकोही आहे. त्या एका कागदावर मराठीत लिहून देतात, रुग्ण ते डॉक्टरांकडे नेते. काही डॉक्टर वाचतात. एकाने कागद फाडला, "मेडिकलवाली मला शिकवणार का" म्हणून. त्याच्याकडे पुढच्या वेळी आम्ही तिघी बरोबर गेलो. आता वाचतो.

दुकानदारांकडेही आम्ही गेलो. तालुक्याच्या बाजारातल्या चौघांशी बोललो. काउंटरच्या कडेला एक पडदा लावा, बाईशी बोलायला, असं सुचवलं. चौघांनीही जागा नाही म्हणून नकार दिला. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांवर वार लिहून देऊ, हे तिघांनी मान्य केलं आणि तसं करतातही, मी मध्ये जाऊन पाहून आले. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, त्या वेळी बायकांना पाठवा, शांतपणे सांगू, असं एकाने आपणहून म्हटलं. चौथ्याच्या दुकानात फार्मासिस्ट हजरच नसतो. त्याच्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची की आधी आणखी एकदा बोलून पाहायचं, यावर आमच्या गटात दोन मतं आहेत. दुकान बंद झालं तर त्या बाजूच्या तीन वाड्यांना दुसरं दुकान नाही. माझं मत तक्रार करावी असं आहे, पण वाड्यांतल्या बाया नको म्हणतात, आणि औषध त्यांना आणायचंय, मला नाही.

मघाची मागच्या रांगेतली मैत्रीण हात वर करते आहे. बोल.